जुन्या पेपरांचा संच, दहावी इतिहास : 150 रुपयांतले 60 वसूल

आधीच सांगून टाकते, हा संच मी पोरासाठी किंवा पोरीसाठी नाही, माझ्यासाठी घेतला. वय 43. नागपुरात मानेवाडा रोडच्या आत राहते, डब्यांचं काम करते, सध्या दुपारचे 26 डबे आहेत. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मागच्या वर्षी पोरीनं मागे लागून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला आणि या मार्चमध्ये मी बाहेरून दहावीला बसले. म्हणजे हे कोणा क्लासवाल्या सरांचं मत नाही. संच विकत घेऊन, घड्याळ लावून, पोळ्यांच्या मधल्या वेळात सोडवलेल्या बाईचं आहे.

इतिहासाचाच संच काहून घेतला? गणिताला पोरगी शेजारी बसायची. मराठी-हिंदी जमते. पण इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि डोकं गरगरलं. मला वाटलं होतं शिवाजी महाराज, 1857, गांधीजी असं काही असेल. पाहते तर पहिलाच धडा इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा. देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको. एका पंगतीला एवढे पाहुणे आणि प्रत्येकाचं पथ्य वेगळं! पुढे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन, ठेव्यांचं जतन. इतिहासाचे नऊ धडे, राज्यशास्त्राचे पाच. पुस्तक चांगलं आहे हो, वाचायला तर आवडतेच. पण मिटलं की डोक्यात काही उरत नाही. पोरगी म्हणाली, "आई, तू नुसती वाचून राहिली. जुने पेपर आण."

म्हणून डबे पोचवून स्कूटी काढली आणि बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकाशनाचंही नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला कोणाशी भांडण नको. दुकानदारानं विचारलं, "ताई, मुलाचं मीडियम कोणतं?" म्हटलं, "माझंच आहे. मराठी." तो मान वर न करता म्हणाला, "मराठी मीडियम, 150 रुपये." बरं वाटलं. बाकी सगळे एकदा तरी हसले होते.

घरी आणून पाहिला. कागद वर्तमानपत्रासारखा, मागच्या पानाची छपाई पुढं दिसते. बोर्डाचे पेपर पाच आणि प्रकाशकानं स्वतः केलेले सराव पेपर पाच. प्रत्येक प्रश्नाखाली लगेच उत्तर. हे "प्रश्नाखाली लगेच उत्तर" मला तेव्हा फार सोयीचं वाटलं. मुखपृष्ठावरही तेच मोठ्या अक्षरात होतं.

पहिले तीन दिवस मी तो कादंबरीसारखा वाचला. प्रश्न वाचायचा, उत्तर वाचायचं, मान डोलवायची. "हां, हे येते मला." आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण? व्हॉल्टेअर, येते. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले सरसंचालक? कनिंगहॅम, येते. तीन दिवसांत पाचही पेपर "झाले". चौथ्या दिवशी पोरीनं एक पेपर कोऱ्या कागदावर उतरवून दिला, मोबाइलवर दोन तास लावले आणि स्वतः कॉलेजची वही घेऊन समोर बसली. मला 40 पैकी 13 पडले. तेही तिनं आई म्हणून थोडा हात सैल सोडला असणार.

झालं असं होतं की उत्तर डोळ्यांसमोर असलं की आपल्याला ते आठवलं की नुसतं ओळखू आलं, हे कळतच नाही. बाजारात भाजीवालीचा चेहरा ओळखतो, पण नाव विचारलं तर सांगता येत नाही, तसं. माझी या संचावरची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे आणि ती छापणाऱ्यांना सांगून उपयोग नाही, कारण संच खपतो तो उत्तरांमुळेच. उत्तरं मागं, वेगळ्या भागात दिली असती तरी चाललं असतं. त्यातही संकल्पनाचित्राचा प्रश्न तर पार वाया. मधल्या गोलात विषय आणि चार बाजूंच्या चौकटी आधीच भरलेल्या! त्या चौकटीत आपण काय लिहायचं? मग मी डब्यांवर गिऱ्हाइकांची नावं लिहिते ते चिकट लेबल प्रत्येक चौकटीवर लावले. एका संचाला लेबलचं एक पाकीट गेलं. तो खर्च 150 मध्ये धरलेला नाही.

आता चुका. अनुक्रमणिकेत "मार्च 2021" असा पेपर आहे. पोरीला दाखवला तर ती हसत सुटली. 2021 ला दहावीची लेखी परीक्षाच झाली नव्हती, कोरोनात रद्द झाली होती, निकाल शाळेच्या मूल्यमापनावर लावला होता. मार्चमध्ये पेपरच झाला नाही, तर छापला कुठून? प्रश्न पाहिले तर सराव पेपरातलेच, क्रम बदलून. म्हणजे बोर्डाचे पाच म्हणून घेतलेले प्रत्यक्षात चारच निघाले. 2020 चा मात्र खरा आहे. त्या वर्षी इतिहासाचा पेपर झाला आणि भूगोलाचा रद्द झाला, हे आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना अजून पाठ आहे. 2022 चा पेपरही खरा, पण तो 25 टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावरचा. संचात त्याची ओळभरही सूचना नाही. मी तर वहीत तक्ता केला होता, कोणत्या धड्यावर किती वर्षांत काय आलं, आणि 2022 च्या रकान्यात काही धडे रिकामे पाहून खूश झाले होते की हे कमी महत्त्वाचे दिसतात. ते कमी महत्त्वाचे नव्हते, त्या वर्षी वगळले होते. तुम्ही असा तक्ता करणार असाल तर 2022 चा रकाना वेगळ्या शाईनं लिहा.

सराव पेपर 4 मध्ये पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली आहेत. मी दोन दिवस पुस्तकात शोधत बसले. मग शेजारच्या पोरानं सांगितलं, "काकू, हे आधीच्या पुस्तकातलं आहे. माझ्या दादाच्या वेळचं." नवं पुस्तक 2018 ला आलं, त्यावरची पहिली परीक्षा 2019 ची. त्याच्या आधीच्या पेपरांत साम्राज्यवाद, महायुद्धं असं सगळं असायचं. म्हणून रद्दीच्या दुकानात 2016-17 चे पेपर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

सगळ्यात जास्त राग आला तो चुकीच्या जोडीवर. चार जोड्या होत्या : "हू वेअर द शूद्राज" आणि वंचितांचा इतिहास, "स्त्रीपुरुष तुलना" आणि स्त्रीवादी लेखन, "द इंडियन वॉर ऑफ इंडिपेंडन्स 1857" आणि मार्क्सवादी इतिहास, ग्रँट डफ आणि वसाहतवादी इतिहास. संचाचं उत्तर : ग्रँट डफ चूक. मी तसंच पाठ केलं. पोरगी म्हणाली चूक, मी म्हटलं छापलंय ना. रात्री साडेदहाला पुस्तक काढलं. ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी, तो वसाहतवादीच. चूक होती ती सावरकरांच्या पुस्तकाची जोडी, ते राष्ट्रवादी लेखन. एका मार्काची गोष्ट आहे, पण त्या दिवसापासून संचातलं प्रत्येक उत्तर मी पुस्तकाशी ताडून पाहायला लागले. आणि खरं सांगू, अभ्यास झाला तो त्यामुळंच. जोड्यांच्या प्रश्नात सूचनाही नीट वाचा. कधी चुकीची जोडी नुसती ओळखून लिहायची असते, कधी दुरुस्त करून.

त्याच प्रश्नामुळं ताराबाई शिंदे भेटल्या. संचात त्यांची एकच ओळ. पण त्या बुलढाण्याच्या, आपल्या वऱ्हाडातल्या, आणि 1882 साली त्यांनीच बाईची बाजू मांडणारं हे "स्त्रीपुरुष तुलना" लिहिलं. आमच्या घरात शंभर वर्षांनंतरही पोरीला नववीपुढं शिकवायचं की नाही यावर बैठक बसली होती. त्या रात्री मी पुढचा प्रश्न सोडवलाच नाही.

आता जे वसूल झालं त्याबद्दल. पेपर 40 मार्कांचा, दोन तासांचा. इतिहास 28, राज्यशास्त्र 12. म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं. दोन मार्कांच्या टिपेला सहा मिनिटं. सहा मिनिटांत दोन तव्यांवर माझ्या आठ पोळ्या होतात, त्यामुळे सहा मिनिटं म्हणजे किती हे मला हाताला माहीत आहे. संचातल्या टिपा मात्र पंधरा-पंधरा ओळींच्या. लावलं एकदा घड्याळ आणि उत्तर नुसतं उतरवून काढलं : साडेनऊ मिनिटं. विचार न करता, बघून! अशा चार टिपा-कारणं लिहिली की सविस्तर उत्तरं राहिलीच म्हणून समजा, आणि सविस्तर म्हणजे तीन-तीन मार्कांची दोन उत्तरं, सहा मार्क. हे मला संचानं शिकवलं नाही, संचातल्या लांबलचक उत्तरांशी झालेल्या भांडणानं शिकवलं. पण प्रश्न, मार्क आणि "कोणतेही दोन" या सूचना जशाच्या तशा एका ठिकाणी मिळाल्या नसत्या तर हा हिशेब बसला नसता, म्हणून त्याचे पैसे संचाला देते.

माझी खोड गोष्ट सांगायची. चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची परंपरा टिकवायला का हवी, हे कारण लिहिताना मी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर, कळसूत्री बाहुल्या, रामायण, सगळं दोन परिच्छेदांत रंगवलं. पोरीनं लाल पेनानं दोनापैकी एक दिला. "आई, तू गोष्ट सांगून राहिली. प्रश्न 'का' असा आहे. परंपरा काय आहे, ती का संपत चालली, आणि जपली तर काय मिळेल, एवढं लिही आणि पुढं जा." मी म्हटलं, एवढं छान लिहिलं तरी एकच? ती म्हणाली, "छान आहे, पण सहा मिनिटांचं नाही." स्वतःच्या पोरीकडून मार्क कापून घेणं ही वेगळीच गंमत आहे. दोन दिवस मी तिच्या डब्यात मुद्दाम कारल्याची भाजी दिली.

एक उत्तर मात्र मला कोणाच्या मदतीशिवाय बसलं. मंदिरांच्या शैलींचा तक्ता भरायचा होता : नागर, द्राविड, हेमाडपंती. हेमाडपंतीत दगड सांधायला चुना वापरत नाहीत. दगडालाच खोबणी आणि कुसू कातलेले असतात, एकाचं दुसऱ्यात घट्ट बसतं आणि भिंत उभी राहते. संचात "चुन्याशिवाय बांधकाम" एवढंच. पुस्तकात खोबणी-कुसू वाचलं आणि हातातला चार कप्प्यांचा डबा पाहिला. खालच्या कप्प्याच्या काठात वरच्याचा तळ बसतो तसंच हे. त्या दिवसापासून डबा लावताना हेमाडपंत आठवतात. पेपरात येवो न येवो.

उताऱ्याच्या प्रश्नाबद्दल संचानं अन्यायच केला आहे. चार मार्क, उत्तरं उताऱ्यातच पडलेली, फक्त शेवटचा भाग स्वतःच्या मताचा. संग्रहालयावरच्या उताऱ्याखाली संचानं स्वमत म्हणून छापलं होतं : "संग्रहालयांमुळे आपल्याला आपल्या वैभवशाली वारशाची माहिती मिळते." असलं वाक्य तर पेपर तपासणाऱ्याच्या हाती दिवसाला पन्नासदा पडत असेल. मी लिहिलं आपल्या अजब बंगल्याबद्दल. 1863 चं संग्रहालय, लहानपणी शाळेच्या सहलीत भुसा भरलेले प्राणी पाहायला नेलं होतं, आम्ही पोरी घाबरून बाईंच्या पदराआड. शिलालेखांसमोरून आम्ही पळत गेलो होतो, कारण ते काय आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून संग्रहालयात माहिती सांगणारं माणूस हवं, असं माझं मत. यावर पोरीनं पूर्ण मार्क दिले, कारल्याचा राग विसरून.

मग एक दुसरी वस्तू हाती लागली, ती संचाहून सरस निघाली. शेजारच्या पोराचे आणि पोरीच्या दोन मैत्रिणींचे खरे पेपर, परीक्षेतून घरी आणलेले. झेरॉक्सवाल्याकडे पानाला दोन रुपये, सगळे मिळून चाळीस रुपयांत काम झालं. त्यांच्यावर उत्तरं नाहीत. चौकटी रिकाम्या. समासात पेन्सिलीच्या खुणा, कोणते दोन पर्याय घ्यायचे त्याच्या. एकीनं सविस्तर प्रश्नासमोर "हा शेवटी" असं लिहून ठेवलं होतं. पेपर हातात पडल्यावर माणूस कसा विचार करतो, ते त्या खुणांवरून कळलं. ही झेरॉक्स आणि पुस्तक एवढं पुरतं, पुस्तक तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मग संच घ्यायचा कशाला? ज्यांच्या गल्लीत दहावी झालेली पोरं नाहीत, किंवा पोरांनी पेपर रद्दीत घातले, त्यांनी घ्यावा. आणि शेवटच्या दोन पानांसाठी, तिथं धड्यानुसार प्रश्नांची यादी आहे. तीच यादी पाहून कळलं की तोच मजकूर कपडे बदलून येतो. इटलीतल्या पाँपेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती बाहुली एकदा खेळण्यांच्या टिपेत, एकदा उताऱ्यात, एकदा "खेळण्यांमधून सांस्कृतिक इतिहास कळतो" या कारणात. बाहुली तीच.

"आयएमपी", म्हणजे महत्त्वाचे, म्हणून संचात तारे मारले आहेत, एक, दोन, तीन. त्यांच्याकडे पाहू नका. मी मोजले, निम्म्याहून जास्त प्रश्नांना तीन तारे आहेत. सगळीच भाजी स्पेशल म्हटली की गिऱ्हाईक काय समजायचं ते समजतं.

सरावाची वेळ हा माझा स्वतःचा घोळ. मी दुपारी 2 ते 4 सोडवायचे, भांडी झाल्यावर. खरा पेपर सकाळी 11 ला. अकरा म्हणजे माझ्या घरी फोडणीचा धूर आणि डबेवाला पोरगा दारात. शेवटच्या दोन आठवड्यांत डबे साडेनऊला रवाना करायला लागले, चार गिऱ्हाइकं कुरकुरली, एक सुटलंही. आणि हॉलमध्ये कळलं की शेवटी दहा मिनिटं जास्तीची मिळतात, हे 2023 पासून सुरू आहे. संचावर अजून नुसतं "वेळ : 2 तास". त्या दहा मिनिटांत मी सविस्तर उत्तरातला शेवटचा मुद्दा पूर्ण केला.

पेपर सुरू व्हायच्या आधी पुढच्या बाकावरची पोट्टी मागं वळून म्हणाली, "काकू, पहिल्या प्रश्नात नुसता पर्याय लिहायचा की पूर्ण विधान?" म्हटलं, पूर्ण विधान, "विधाने पूर्ण करा" असंच असते ना. ती म्हणाली, "मग तुम्ही संच सोडवला वाटते."

निकालात सामाजिक शास्त्रांचा एकच आकडा येतो, इतिहास-भूगोल मिळून 100 पैकी. मला 64. इतिहासाचे वेगळे किती ते कळत नाही, आणि पोरगी म्हणते भूगोलानं वाचवलं. असेल.

संचाला पाचपैकी अडीच तारे. उत्तरं मागच्या भागात नेली, 2021 चा तो पेपर काढला आणि जोड्या एकदा पुस्तकाशी ताडून पाहिल्या तर चार देईन.

माझा संच आता मोकळा आहे. मानेवाडा, अयोध्यानगर, सक्करदरा भागातल्या कोणाला हवा असेल तर फुकट देते, सोबत कोऱ्या पेपरांची झेरॉक्स. चौकटींवर लेबलं आहेत, ती काढू नका. आणि 58 नंबरच्या पानावर बखरीच्या प्रश्नाशी हळदीचा मोठा डाग आहे. तो प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून नाही, त्या दिवशी वरण उतू गेलं होतं.